परिमेय की अपरिमेय? ऋण संख्यांसह अचूक ओळखण्याची क्रमवार रीत

−√९ अपरिमेय, कारण करणीचे चिन्ह आहे. २२/७ अपरिमेय, कारण पाय (π) अपरिमेय आहे. √०.९ परिमेय, कारण ९ चे वर्गमूळ ३. ०.१०१००१०००१… परिमेय, कारण अंकांत नक्षी दिसते. ही चार उत्तरे वह्यांमध्ये सारखी सापडतात आणि चारही चूक आहेत. चुका वेगवेगळ्या दिसल्या तरी कारण एकच: संख्या सोप्या रूपात आणण्याआधीच तिच्या चेहऱ्यावरून निकाल दिला जातो. करणीचे चिन्ह, उणे चिन्ह, लांबलचक दशांश यांपैकी एकाही गोष्टीवरून एकटीने काही ठरत नाही.

म्हणून खाली टप्पे दिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नका. पहिला टप्पा गाळून तिसऱ्यावर उडी मारली की वास्तव नसलेल्या (संख्यारेषेवर दाखवता न येणाऱ्या) संख्येला परिमेय ठरवण्याची वेळ येते.

## सुरुवातीची तयारी

व्याख्या नीट हाताशी हवी. जी संख्या म/न या रूपात लिहिता येते, जिथे म आणि न दोन्ही पूर्णांक आहेत आणि न शून्य नाही, ती परिमेय. जी वास्तव संख्या अशी लिहिताच येत नाही, ती अपरिमेय.

यातला महत्त्वाचा शब्द ‘लिहिता येते’ हा आहे. आत्ता ती तशी लिहिलेली असणे गरजेचे नाही. ०.७५ हा दशांश आहे, पण ३/४ असा लिहिता येतो, म्हणून परिमेय. उलट √२/३ मध्ये आडवी रेघ आहे, अंश आहे, छेद आहे, तरी अंश पूर्णांक नाही. रेघ दिसली म्हणून परिमेय असे होत नाही.

बाकी तयारी थोडी आहे. १ ते २० चे वर्ग आणि १ ते १० चे घन पाठ हवेत, आणि संख्येचे मूळ अवयव न अडखळता पाडता यायला हवेत. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. या कामात तो मदतीपेक्षा घोळच जास्त करतो. का, ते पाचव्या टप्प्यात येईल.

## टप्पा १: संख्या वास्तव आहे का, ते आधी पाहा

परिमेय आणि अपरिमेय हे वास्तव संख्यांचे दोन गट. प्रत्येक वास्तव संख्या यांतल्या एकाच गटात असते. दोन्हींत कधी नाही आणि दोन्हींबाहेरही नाही. पण समोरची राशी वास्तवच नसेल, तर प्रश्नच उरत नाही.

इथे सगळा खेळ उणे चिन्हाच्या जागेचा आहे.

√(−१६): उणे मुळाच्या आत. कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून ही वास्तव संख्या नाही. परिमेय नाही आणि अपरिमेयही नाही.

−√१६: उणे मुळाच्या बाहेर. किंमत −४. परिमेय.

√((−४)²): आत उणे आहे, पण वर्ग केल्यावर १६ होतो. √१६ = ४. परिमेय, आणि उत्तर धन. इथे ‘वर्ग आणि मूळ एकमेकांना कापतात’ म्हणून −४ लिहिणे ही फार जुनी खोड आहे.

√(−४²): कंस नाही, म्हणून आधी वर्ग, मग उणे. आत −१६ उरतात. वास्तव नाही.

एका कंसाने निकाल पालटतो, तेव्हा राशी वहीत उतरवताना कंस गाळू नका.

घनमुळाचे तसे नाही. ऋण संख्येचा घन ऋण असतो, म्हणून ∛(−२७) = −३ ही सरळ परिमेय संख्या आहे, आणि ∛(−९) ही वास्तव पण अपरिमेय. थोडक्यात, मूळ सम असेल (दुसरे, चौथे, सहावे) तर आत ऋण चालत नाही. विषम असेल तर चालते.

छेदात शून्य असेल तर तिथेच थांबा. ७/० ही संख्याच नाही. ०/७ मात्र शून्य आहे, आणि शून्य परिमेय आहे. ‘शून्य कशातच बसत नाही’ हा समज सोडून द्या. ०/१ लिहिले की झाले.

सावधान: √१६ म्हणजे फक्त ४. ±४ ही क² = १६ या समीकरणाची उत्तरे आहेत; √ हे चिन्ह कायम ऋण नसलेलेच मूळ दाखवते.

## टप्पा २: बाहेरचे उणे बाजूला काढा

उणे चिन्हामुळे संख्येचा गट कधीच बदलत नाही. एखादी संख्या म/न असेल तर तिची विरुद्ध संख्या (−म)/न असते, आणि −म हाही पूर्णांकच. म्हणजे परिमेयची विरुद्ध संख्या परिमेय. आता −√२ परिमेय आहे असे मानले, तर तिची विरुद्ध संख्या √२ हीसुद्धा परिमेय ठरेल. ती तर नाही. म्हणून −√२ अपरिमेय. प्रत्येक ऋण संख्येसाठी हेच चालते.

मग ऋण संख्या आली की गडबड कशाने होते? एक तर ‘पूर्णांकांचे गुणोत्तर’ म्हटले की मनात धन पूर्णांकच येतात. −७ = −७/१ हे कुणी लिहून पाहत नाही. दुसरे म्हणजे उण्याची जागा. −३/५, (−३)/५, ३/(−५) आणि −(३/५) ही एकाच संख्येची चार रूपे आहेत. (−३)/(−५) मात्र ३/५ आहे.

कृती अशी: संख्येच्या अगदी पुढे, संपूर्ण राशीला लागू असलेले उणे खोडा. उरलेल्या धन संख्येचा गट शोधा. तोच गट मूळ ऋण संख्येचा.

पण कोणते उणे काढता येते ते ओळखा. ३ − √५ मधले उणे वजाबाकीचे आहे, ते उचलून बाजूला ठेवता येत नाही. −३ + √५ मध्ये पुढे उणे दिसते, पण ते फक्त ३ ला लागू आहे; काढायचेच असेल तर −(३ − √५) असे कंसात, आतली चिन्हे बदलून काढावे लागते. आणि गंमत म्हणजे २ − √५ च्या पुढे उणे नसूनही ही संख्या ऋण आहे, कारण √५ हे २ पेक्षा मोठे आहे.

घातांकातले उणे ही वेगळीच गोष्ट. २ चा −३ घात म्हणजे १/८: धन आणि परिमेय. ४ चा −१/२ घात म्हणजे १/२. २ चा −१/२ घात म्हणजे १/√२, अपरिमेय. घातांकातले उणे पाया उलटा करते, संख्या ऋण करत नाही.

तपासणी: −√२५, −√२६, √(−२५), ∛(−१२५). उत्तरे अनुक्रमे परिमेय, अपरिमेय, वास्तव नाही, परिमेय. यातले एक जरी चुकले असेल तर पुढे जाण्याआधी पहिले दोन टप्पे पुन्हा वाचा.

## टप्पा ३: सोपे रूप द्या

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा आहे. माझ्या मते निम्म्याहून अधिक चुका या एका टप्प्यात मरतात.

मुळाखाली दशांश असेल तर. आधी त्याचा अपूर्णांक करा. √०.९ = √(९/१०). अंश पूर्ण वर्ग आहे, छेद नाही, आणि अपूर्णांक अतिसंक्षिप्त आहे, म्हणून अपरिमेय. √०.०९ = √(९/१००) = ३/१०, परिमेय. ०.३ चा वर्ग ०.०९ असतो, ०.९ नव्हे, एवढे पडताळले असते तरी चूक टळली असती.

एक झटपट कसोटी आहे. शेवटचे निरुपयोगी शून्य काढून टाका आणि दशांश चिन्हानंतरचे अंक मोजा. त्यांची संख्या विषम असेल तर वर्गमूळ अपरिमेयच. सम असेल तर दशांश चिन्ह विसरून उरलेली पूर्ण संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहा. √१४.४ मध्ये एक अंक, अपरिमेय. √१.४४ मध्ये दोन अंक आणि १४४ हा १२ चा वर्ग, म्हणून १.२. √०.४ अपरिमेय, √०.४० सुद्धा अपरिमेय, कारण तो शेवटचा शून्य मोजायचा नाही.

मुळाखाली अपूर्णांक असेल तर. आधी संक्षेप, मग वर्गाची तपासणी. √(८/१८) पाहा. ८ पूर्ण वर्ग नाही, १८ नाही, म्हणून घाईत अपरिमेय लिहिले जाते. पण ८/१८ = ४/९, आणि वर्गमूळ २/३.

मुळाखाली मोठी पूर्ण संख्या असेल तर. मूळ अवयव पाडा आणि जोड्या लावा. १७६४ = २ × २ × ३ × ३ × ७ × ७. सगळ्यांना जोडीदार मिळाला, म्हणून √१७६४ = ४२. १५६८ = २ × २ × २ × २ × २ × ७ × ७. एक २ एकटा उरतो; √१५६८ = २८√२, अपरिमेय. घनमूळ असेल तर जोड्यांऐवजी तिघा-तिघांचे गट लावा. √१००० अपरिमेय आहे, पण ∛१००० = १०. मुळाचा क्रमांक न वाचता निकाल देऊ नका.

अवयव पाडायचा कंटाळा असेल तर एकक स्थानचा अंक पाहा. २, ३, ७ किंवा ८ ने संपणारी पूर्ण संख्या पूर्ण वर्ग असूच शकत नाही. उलट बाजूने मात्र हे चालत नाही: २१ च्या शेवटी १ आहे, तरी तो पूर्ण वर्ग नाही. घनांसाठी ही कसोटी वापरू नका. ८, २७, ३४३ हे सगळे घनच आहेत.

एकापेक्षा जास्त करणी असतील तर. आधी प्रत्येक करणी सोप्या रूपात आणा, मग क्रिया करा.

√१२ / √३ = √४ = २
√२ × √८ = √१६ = ४
√१८ − ३√२ = ३√२ − ३√२ = ०
√५० + √२ = ५√२ + √२ = ६√२
(√५ − २)(√५ + २) = ५ − ४ = १

पाच राशी, सगळ्यांत करणी, पण अपरिमेय एकच: चौथी.

कधीकधी मुळाच्या आत मूळ असते. √(३ + २√२) अवघड दिसते, पण (१ + √२) चा वर्ग केला तर १ + २ + २√२ मिळतो, म्हणजे ती संख्या १ + √२ आहे. अपरिमेय. तसेच √(३ − २√२) = √२ − १. आता पहिल्यातून दुसरी वजा करा: (√२ + १) − (√२ − १) = २. एवढा पसारा मांडून शेवटी निघाला पूर्णांक!

सावधान: बेरजेचे मूळ वेगळे करता येत नाही. √(४ + ९) म्हणजे √१३, अपरिमेय. त्याचे २ + ३ = ५ करून परिमेय लिहिणारे बरेच आहेत. √(९ + १६) मध्ये ही चूक लपून जाते, कारण खरे उत्तर ५ आणि चुकीचे उत्तर ७ दोन्ही परिमेयच. गट बरोबर आला म्हणून रीत बरोबर होती असे समजू नका.

## टप्पा ४: करणी उरलीच, तर निकाल द्या

सोपे रूप दिल्यावर मुळाखाली पूर्ण वर्ग नसलेली धन पूर्ण संख्या उरली, तर ते वर्गमूळ अपरिमेय. ‘बहुधा’ नाही, नक्कीच. याचे कारण एकदा समजून घेतले की पाठांतराची गरज राहत नाही.

कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्ग केला की तिचा प्रत्येक मूळ अवयव दुप्पट वेळा येतो, म्हणजे सम वेळा. आता √२ = म/न असे मानू. दोन्ही बाजूंचा वर्ग करून छेद हलवला की म² = २ × न². डाव्या बाजूला २ हा अवयव सम वेळा आहे. उजवीकडे न² मध्ये सम वेळा, आणि बाहेरचा एक जादा, म्हणजे विषम वेळा. एकाच संख्येत २ हा अवयव सम वेळाही आणि विषम वेळाही असणे अशक्य. म्हणून √२ असे लिहिताच येत नाही.

२ च्या जागी ३, १०, २६ काहीही घ्या. जो मूळ अवयव जोडीविना उरतो, त्याची मोजणी करा. तोच विरोध मिळतो.

## टप्पा ५: दशांश रूप दिले असेल तर

तीन प्रकार आहेत.

१. खंडित: दशांश कुठेतरी संपतो, जसे −०.३५. नेहमी परिमेय. −०.३५ = −३५/१०० = −७/२०.

२. अखंड आवर्ती: संपत नाही, पण ठरावीक अंकगट त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतो, जसे ०.२७२७२७…. नेहमी परिमेय.

३. अखंड अनावर्ती: संपत नाही आणि कोणताही गट कायमचा पुन्हा येत नाही. नेहमी अपरिमेय.

अखंड अनावर्ती दशांश अपरिमेय का, ते भागाकारात दिसते. ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच एक राहू शकते (० राहिली तर भागाकार संपतो). जास्तीत जास्त सातव्या वेळी एखादी बाकी पुन्हा येणारच, आणि ती आली की तिथून पुढचे अंकही तसेच. म्हणून कोणत्याही अपूर्णांकाचा दशांश एक तर संपतो, नाहीतर आवर्ती होतो.

तो संपेल की नाही हे भागाकार न करताही कळते: अपूर्णांक अतिसंक्षिप्त करा आणि छेदाचे मूळ अवयव पाहा. फक्त २ आणि ५ असतील तर खंडित, दुसरा कोणताही असेल तर आवर्ती. ‘आधी संक्षेप’ ही अट विसरू नका. −२१/६० च्या छेदात ३ दिसतो, पण संक्षेपानंतर −७/२० उरतात आणि दशांश संपतो.

आता कॅल्क्युलेटरचे. १/१७ = ०.०५८८२३५२९४११७६४७…, आणि हा गट तब्बल १६ अंकांचा आहे. साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर त्यातले आठ-दहा अंक दिसतात, पुनरावृत्ती दिसत नाही, आणि एक सरळसाधा अपूर्णांक अपरिमेय ठरतो. याच्या उलट फसवणूक ई (e, नैसर्गिक लॉगचा पाया) या संख्येत होते: २.७१८२८१८२८… इथवर पाहिले की १८२८ हा गट दोनदा आलेला दिसतो आणि आवर्ती वाटतो. पुढचे अंक ४५९०४५… असे आहेत. ई अपरिमेय आहे. पडद्यावरच्या अंकांवरून गट ठरवू नये तो यासाठी.

पायचेही तसेच. २२/७ हा दोन पूर्णांकांचा भागाकार आहे, म्हणजे व्याख्येनुसारच परिमेय, दशांश ३.१४२८५७१४२८५७…. पाय म्हणजे ३.१४१५९२६५…. तिसऱ्या दशांश स्थळालाच दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ३.१४ सुद्धा परिमेय. हिशेबासाठी जवळची किंमत वापरतो, त्यामुळे दोन संख्या एक होत नाहीत. −पाय अपरिमेय आणि −२२/७ परिमेय, हे वेगळे सांगायला नकोच.

नक्षी आणि आवर्तन एक नव्हे. ०.१०१००१०००१… मध्ये पुढचा अंक कोणता ते आपण सांगू शकतो, पण दर वेळी शून्यांची संख्या एकने वाढते. ठरावीक लांबीचा एकच गट कधीही पुन्हा पुन्हा येत नाही. अपरिमेय. १, २, ३, … सगळ्या संख्या ओळीने लिहून तयार केलेली ०.१२३४५६७८९१०१११२१३… हीसुद्धा अपरिमेय. नियम असणे पुरेसे नाही. त्याच लांबीचा तोच गट परत यायला हवा.

आवर्ती दशांशाचा अपूर्णांक करताना ऋण संख्या असेल तर दुसरा टप्पा आधी. −२.१६१६१६… घ्या.

उणे बाजूला ठेवा. क = २.१६१६१६… माना. आवर्ती गट दोन अंकी आहे, म्हणून १०० ने गुणा: १००क = २१६.१६१६…. वजा करा: ९९क = २१४, म्हणून क = २१४/९९. उणे परत लावा: −२१४/९९.

उणे बाजूला न काढणारे काय करतात? −२ आणि ०.१६१६… असे तुकडे पाडून −२ + १६/९९ = −१८२/९९ लिहितात. ही संख्या −१.८३८३… आहे, दिलेली नव्हे. −२.१६ मधला दशांश भागही ऋणच असतो.

आवर्तन उशिरा सुरू होत असेल तर दोनदा गुणावे लागते. क = ०.५८३३३… साठी १००क = ५८.३३३… आणि १०००क = ५८३.३३३…. वजाबाकीत ९००क = ५२५, क = ७/१२.

## टप्पा ६: परिमेय आणि अपरिमेय एकत्र आल्यास

परिमेय आणि अपरिमेय यांची बेरीज-वजाबाकी नेहमी अपरिमेय. ३ − √५ ही परिमेय संख्या प आहे असे मानले तर √५ = ३ − प, म्हणजे √५ परिमेय ठरेल; अशक्य. गुणाकार-भागाकारातही हेच, फक्त परिमेय संख्या शून्य नसावी. ० × √२ = ० ही पळवाट परीक्षक हटकून विचारतात.

दोन अपरिमेय संख्यांबद्दल मात्र एकही सरसकट नियम नाही. √२ + (−√२) = ०, √२ + √२ = २√२. गुणाकारात √२ × √८ = ४, √२ × √३ = √६. ‘अपरिमेय अधिक अपरिमेय म्हणजे अपरिमेय’ असे कुठे लिहून ठेवले असेल तर खोडा.

√२ + √३ सारखी राशी आली तर वर्ग करून पाहा: ५ + २√६. बेरीज परिमेय असती तर तिचा वर्गही परिमेय असता. पण २√६ मुळे तो अपरिमेय आहे. म्हणून बेरीज अपरिमेय. उलट दिशेने हा तर्क चालवू नका, कारण वर्ग परिमेय असून संख्या अपरिमेय असू शकते. √२ हेच उदाहरण.

दोन प्रसिद्ध अपरिमेय संख्यांची बेरीजसुद्धा किती अडवू शकते, ते पाहायचे असेल तर पाय + ई पाहा. ती परिमेय की अपरिमेय, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेले नाही.

## टप्पा ७: लॉग आणि कोनांची गुणोत्तरे

हे थोडक्यात. १० पायाचा १००० चा लॉग ३ (कारण १० चा ३ घात म्हणजे १०००), ०.०१ चा −२, आणि ४ पायाचा ८ चा लॉग ३/२, सगळे परिमेय. १० पायाचा २ चा लॉग मात्र अपरिमेय, कारण तो म/न असता तर १० चा म घात आणि २ चा न घात समान झाले असते; पहिल्याला ५ ने भाग जातो, दुसऱ्याला जात नाही.

कोन पूर्ण अंशांत असेल तर त्याचे साइन परिमेय असण्याच्या शक्यता पाचच: ०, १/२, −१/२, १, −१. साइन २१०° = −१/२, परिमेय. साइन २४०° = −√३/२, अपरिमेय. इथेही उण्याने काही बदलले नाही.

## सरावासाठी

उत्तर झाकून आधी स्वतः करा. नुसता गट लिहू नका, कारणही लिहा. कारणाविना बरोबर आलेले उत्तर पुढच्या वेळी चुकते.

−√(१२१/१६९): −११/१३, परिमेय.

√(−०.२५): आत ऋण, वास्तव नाही.

−∛(−६४): −(−४) = ४, परिमेय आणि धन.

√२.५: दशांश चिन्हानंतर एकच अंक, अपरिमेय. √६.२५ मात्र २.५.

√२७ / (−√३): −√९ = −३, परिमेय.

(√३ − √१२)²: √१२ = २√३, म्हणून कंसात −√३; वर्ग ३, परिमेय.

(१ − √२)²: ३ − २√२, अपरिमेय. वर्ग केला की करणी जातेच असे नाही.

−५.०२००२०००२…: शून्ये वाढत जातात, आवर्तन नाही, अपरिमेय.

(−२ × पाय) / (५ × पाय): पाय छेदला जातो, −२/५, परिमेय.

−३ चा घात −२, कंसाविना: −(१/९), परिमेय. (−३) कंसात असता तर १/९.

∛(२ + √५) + ∛(२ − √५): दुसरे पद ऋण आहे, पण घनमूळ असल्याने चालते. बेरीज क माना आणि घन करा. दोन्ही पदांच्या घनांची बेरीज ४; दोन्ही पदांचा गुणाकार ∛(४ − ५) = −१. म्हणून क³ = ४ − ३क, म्हणजे क³ + ३क − ४ = ०. याचे अवयव (क − १)(क² + क + ४) = ०. दुसऱ्या कंसाचा विवेचक १ − १६ = −१५, ऋण, म्हणून त्याला वास्तव मूळ नाही. क = १, परिमेय.